मुदत बांधून घेतलेला पंतप्रधान

१७ जून १९५४ रोजी पॅरिसमधल्या राष्ट्रीय सभेपुढे पिएर मेंदेस फ्रान्स पंतप्रधानपदासाठी विश्वास मागायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी मागितलेली मुदत जेमतेम पाच आठवड्यांची होती. इंडोचायनातलं युद्ध २० जुलैपर्यंत थांबवीन, नाही थांबवता आलं तर राजीनामा देईन, असं त्यांनी सांगून टाकलं. शिवाय आणखी एक अट त्यांनी आपणहून गळ्यात घालून घेतली. कम्युनिस्ट सदस्यांनी बाजूने मतं दिली तरी ती मी धरणार नाही, ती वजा जाता बहुमत उरलं तरच पद घेईन. इंडोचायनात फ्रान्सशी लढणाऱ्या कम्युनिस्ट व्हिएतमिन्हशी वाटाघाटीला बसणारा माणूस कम्युनिस्टांच्या मतांवर तगलेला आहे, असं कोणालाही म्हणता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. बाजूने ४१९ मतं पडली, विरोधात ४७. कम्युनिस्ट वजा करूनही आकडा पुरला. इंडोचायनातला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडून तेव्हा सहाच आठवडे झाले होते. दहा हजारांवर सैनिक शत्रूच्या कैदेत होते आणि आधीचं लानिएल मंत्रिमंडळ त्या पराभवाखाली कोसळलं होतं.

त्यानंतर मेंदेस फ्रान्स सात महिने आणि सतरा दिवस पंतप्रधान राहिले. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा दोन सूर लागतात. एक हळहळीचा, की एवढा मोठा माणूस आणि एवढा थोडा काळ! दुसरा कौतुकाआडून कमी लेखणारा, की माणूस सचोटीचा, पण त्याला राजकारण कळलं नाही. मला दोन्ही पटत नाहीत. मुदत बांधून घेणं हा त्यांच्या स्वभावातला सरळपणा होताच, पण त्याहून अधिक ते राज्य करण्याचं हत्यार होतं. निर्णयाची तारीख आणि त्याची किंमत आधी उघड सांगायची आणि मग कामाला लागायचं. ज्या प्रश्नांवर त्यांनी हे हत्यार चालवलं ते महिन्या-दोन महिन्यांत निकालात निघाले. ज्या एका प्रश्नावर त्यांनी ते म्यानातून काढलंच नाही, त्या अल्जीरियाच्या प्रश्नानेच त्यांचं सरकार गेलं.

हे हत्यार एवढं धारदार का ठरलं, हे समजायचं तर चौथं प्रजासत्ताक कसं चालायचं ते पाहिलं पाहिजे. १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत फ्रान्सने वीसहून अधिक मंत्रिमंडळं पाहिली. १९४७ च्या मे महिन्यापासून कम्युनिस्ट सत्तेबाहेर होते, द गॉल यांचे अनुयायी त्या राज्यघटनेलाच मानत नव्हते, आणि मधल्या पाच-सहा पक्षांची मोट बांधून सरकार चालवावं लागे. अशा मोटेतल्या प्रत्येकाला सांभाळायचं तर एकच उपाय उरतो, कोणताही मोठा प्रश्न मतदानाला येऊच द्यायचा नाही. सामाईक युरोपीय सैन्य उभारायच्या, म्हणजे युरोपीय संरक्षण समुदायाच्या, करारावर फ्रान्सने मे १९५२ मध्ये सही केली आणि दोन वर्षं तो मंजुरीसाठी सभागृहापुढे आणलाच नाही. इंडोचायनातलं युद्ध १९४६ च्या डिसेंबरपासून चालू होतं, पण ते जिंकायचं की आवरायचं हे कोणत्याही सरकारने स्पष्ट ठरवलं नव्हतं. सगळी घोंगडी भिजत ठेवली होती, आणि ती भिजत ठेवण्यातच सत्तेचा टिकाव होता. जिथे टाळाटाळ हाच सत्तेचा पाया असतो, तिथे तारखेला स्वतःला बांधून घेणारा माणूस तो पायाच काढून घेतो. आता त्याला पाडायचं तर पाडणाऱ्याला आपला पर्याय सांगावा लागतो.

ही रीत १९५४ मध्ये अचानक सुचलेली नव्हती. १९०७ मध्ये पॅरिसमधल्या कपड्याच्या व्यापारातल्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने कायद्याच्या पदवीचा प्रबंध लिहिला तो फ्रँकच्या घसरणीतून देश कसा सावरला या विषयावर. १९३२ मध्ये पंचविसाव्या वर्षी नॉर्मंडीतल्या एर जिल्ह्यातून रॅडिकल पक्षातर्फे निवडून आले तेव्हा ते सभागृहातले सर्वांत तरुण सदस्य होते. तीन वर्षांनी लुव्हिएर या गिरण्यांच्या गावाचे महापौर झाले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या खर्चाला मंजुरी देण्याचा प्रश्न आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटे होते. कित्येक सदस्य गप्प राहिले, यांनी मात्र हात वर केला. १९३८ मध्ये लेऑं ब्लुम यांच्या दुसऱ्या, महिनाभरही न टिकलेल्या सरकारात ते अर्थखात्याचे उपमंत्री होते.

१९४० मध्ये फ्रान्स पडत असताना लढाई उत्तर आफ्रिकेतून चालू ठेवायच्या इराद्याने ते ‘मासिलिया’ जहाजावरून कासाब्लांकाला गेले. ते स्वतः हवाई दलात अधिकारी होते, तरी जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीने त्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप ठेवला आणि क्लेर्मों-फेरांच्या लष्करी न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जून १९४१ मध्ये ते रुग्णालयातून निसटले. हा प्रसंग त्यांनी पुढे मार्सेल ऑफ्युल्स यांच्या माहितीपटात कॅमेऱ्यापुढे सांगितला आहे. गज कापून, भिंतीवर चढून ते उडी मारायच्या बेतात असताना खाली झाडाशी एक प्रेमी जोडपं उभं दिसलं. तरुण मनधरणी करत होता, मुलगी आढेवेढे घेत होती, आणि तिचा निर्णय होईपर्यंत फरारी कैद्याला भिंतीवर तसंच बसून राहावं लागलं. पुढे लंडन गाठून ते स्वतंत्र फ्रान्सच्या ‘लॉरेन’ बॉम्बफेकी तुकडीत विमानातून मोहिमांवर गेले. तिथून द गॉल यांनी त्यांना अल्जिअर्सला अर्थखातं सांभाळायला बोलावलं. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळाचे प्रमुख तेच होते.

मुक्तीनंतरच्या सरकारात अर्थव्यवस्थेचे मंत्री असताना त्यांची पहिली कसोटी लागली. बाजारात नोटा भरमसाट, माल नाही. मेंदेस फ्रान्स यांचं म्हणणं होतं की नोटा बदलून घ्या, बँकखात्यातल्या रकमा काही काळ गोठवा, युद्धात काळ्या बाजारात कमावलेला पैसा बाहेर काढा. शेजारच्या बेल्जियमने नुकतंच तसं केलं होतं. अर्थमंत्री रने प्लेव्हां यांना हे फार कडू औषध वाटत होतं. त्यांनी कर्जरोखे काढून काम भागवायचं ठरवलं. द गॉल यांनी सोपा मार्ग निवडला आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदेस फ्रान्स बाहेर पडले. त्यानंतरची कित्येक वर्षं फ्रान्सने चलनवाढ आणि फ्रँकची पुन्हा पुन्हा झालेली घसरण सोसली. हाच हिशेबी माणूस ऑक्टोबर १९५० मध्ये इंडोचायनावर बोलायला उभा राहिला. युद्ध जिंकायचं तर सैन्य आणि पैसा तिपटीने वाढवा. तेवढी ऐपत नसेल तर वाटाघाटी करा. तिसरा मार्ग नाही, आणि आज आपण नसलेल्या तिसऱ्या मार्गावर माणसं मारतो आहोत. जून १९५३ मध्ये त्यांना पंतप्रधानपदाची पहिली संधी आली. राज्य करणं म्हणजे निवड करणं, कितीही अवघड असली तरी, असं सभागृहाला त्यांनी तेव्हा बजावलं, आणि तेरा मतांनी हरले. वर्षभराने दिएन बिएन फूने त्यांचा हिशेब खरा करून दाखवला.

पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्रखातंही त्यांनी स्वतःकडे घेतलं. २३ जूनला ते बर्नमधल्या फ्रेंच वकिलातीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले. इंडोचायनावर जिनिव्हात चाललेल्या परिषदेत प्रश्न होता तो मुख्यतः दोन आकड्यांचा. व्हिएतनामची विभागणी कोणत्या अक्षांशावर करायची, आणि एकीकरणासाठी निवडणुका किती काळाने घ्यायच्या. व्हिएतमिन्हची मागणी तेराव्या अक्षांशापासून सुरू झाली, फ्रेंच अठराव्यावर अडून होते. २० जुलैच्या संध्याकाळपर्यंत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांच्या पुढाकाराने सतरावा अक्षांश आणि दोन वर्षं यावर एकमत झालं. कागद टंकलेखनाला गेले. आणि मग कंबोडियाचे प्रतिनिधी साम सारी यांनी अडवून धरलं. उद्या गरज पडली तर परदेशी लष्करी मदत घ्यायचा हक्क आमच्या देशाला हवा, त्याशिवाय सही नाही. बाजूच्या दालनांत वार्ताहर ताटकळत होते, मध्यरात्र जवळ येत होती, आणि बारा वाजले की फ्रान्सच्या पंतप्रधानाचा शब्द मोडणार होता. राष्ट्रसंघाच्या त्या जुन्या प्रासादातली घड्याळं थांबवण्यात आली. मोलोतोव यांनी कंबोडियाला हवं ते दिलं आणि पहाटे व्हिएतनाम व लाओसच्या युद्धबंदीवर सह्या झाल्या. कागदांवर तारीख २० जुलै. कंबोडियाची सही दुसऱ्या दिवशी दुपारी पडली. भारताचे कृष्ण मेनन परिषदेचे सदस्य नसूनही त्या आठवड्यांत जिनिव्हात या दालनातून त्या दालनात फिरत होते, आणि युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं.

यावर पहिला आक्षेप असा की मुदत जाहीर करणं म्हणजे आपले पत्ते समोरच्याला दाखवणं. वीस जुलैला हा माणूस काहीही करून सही करणार, हे व्हिएतमिन्हला कळलं की ते ताणून धरतील. पण मेंदेस फ्रान्स यांच्या मुदतीला दुसरी धार होती. ७ जुलैला त्यांनी सभागृहात सांगितलं की वाटाघाटी फसल्या तर राजीनामा देण्याआधीचं माझं शेवटचं काम म्हणजे सक्तीच्या भरतीतले सैनिक इंडोचायनाला पाठवायची परवानगी तुमच्याकडे मागणं. तोवर तिथे लढत होतं ते व्यावसायिक सैन्य, परदेशी पलटण आणि वसाहतींतून आणलेले शिपाई. फ्रेंच घरातला मुलगा नाव निघालं म्हणून तिथे गेलेला नव्हता. म्हणजे मुदत टळली तर चीन आणि रशियापुढे वाढलेलं युद्ध आणि त्यामागून येणारी अमेरिका उभी राहणार होती. तारीख सगळ्यांवरच बांधलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जिनिव्हाने युद्ध संपवलं कुठे? १९५६ च्या निवडणुका झाल्याच नाहीत, दक्षिणेत अमेरिका उतरली आणि पुढचं युद्ध पहिल्यापेक्षा किती तरी भयंकर निघालं. लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेकडे गेले ते घरदार सोडून. हे सगळं खरं आहे आणि त्याचा भार हलका लेखू नये. पण करारावर सही करायला अमेरिकेने आणि दक्षिणेतल्या बाओ दाई यांच्या सरकारने नकार दिला होता. निवडणुका घ्यायचं नाकारणारा फ्रान्स नव्हता. मेंदेस फ्रान्स यांनी फ्रेंच युद्ध थांबवण्याचा शब्द दिला होता आणि फ्रेंच युद्ध थांबलं. व्हिएतनामला शांतता देणं त्यांच्या हातात होतं, असं मानणं म्हणजे १९५४ चा फ्रान्स होता त्यापेक्षा मोठा समजणं. आपल्या ताकदीचा खरा आकडा स्वतःच्या देशाला सांगणं, हेच तर त्यांनी १९५० पासून लावून धरलं होतं.

जिनिव्हाहून परतून दहा दिवस होतात न होतात तोच, ३१ जुलैला ते ट्युनिसला उतरले आणि कार्थेजच्या राजवाड्यात तिथल्या राजापुढे, म्हणजे बेपुढे, ट्युनिशियाची अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली. सोबत मार्शल जुआं यांना नेलं होतं. वसाहतवादी गोटाला ज्यांच्या शब्दावर विश्वास, असा सेनानी शेजारी उभा होता, त्यामुळे विरोधकांची तोंडं काही दिवस तरी बंद झाली. आणि मग पुदुच्चेरी. पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम हे चार तुकडे फ्रान्सच्या ताब्यात उरले होते, त्यातले यानम आणि माहे त्या उन्हाळ्यात हातचे गेलेच होते. फ्रेंच राज्यघटनेत एक पेच होता, जनतेच्या संमतीशिवाय भूभाग सोडता येत नव्हता. सार्वमताचा घोळ वर्षानुवर्षं चाललेला. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर इथे निवडून आलेले १७८ प्रतिनिधी जमले, १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिलं, २१ ऑक्टोबरला दिल्लीत करार झाला, १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हाती आला. गोळी झाडली गेली नाही.

मराठी वाचकाला इथे गोव्याची आठवण होणार, आणि ती व्हायलाच हवी. जिनिव्हाच्या सह्या झाल्या त्याच आठवड्यात दादरा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं, ऑगस्टच्या आरंभी नगर हवेली. लिस्बनमध्ये सालाझार १९३२ पासून पंतप्रधान होते आणि १९६८ पर्यंत राहिले. गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत आहे, असं त्यांनी १९५१ मध्ये राज्यघटनेत लिहून टाकलं होतं. ज्या प्रश्नाला प्रश्न म्हणायचीच बंदी, त्याला तारीख कुठली? मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्यात शिरले आणि गोऱ्यांच्या वाट्याला पोर्तुगीज तुरुंग आला. त्या १५ ऑगस्टला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं मेली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा आल्या तेव्हा सालाझार यांचा हुकूम होता, शेवटपर्यंत लढा. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करून माणसं वाचवली, आणि त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. छत्तीस वर्षांची सत्ता एका बाजूला आणि साडेसात महिन्यांची दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिली की टिकून राहणं हा पंतप्रधानाला मोजायचा गज असूच शकत नाही, हे मला अगदी निःशंकपणे म्हणावंसं वाटतं.

युरोपीय संरक्षण समुदायाचा करार त्यांनी ३० ऑगस्टला सभागृहापुढे आणला, पण स्वतःचं सरकार पणाला लावलं नाही. ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तो चर्चेविनाच बारगळला. युरोपच्या एकीकरणाचं स्वप्न पाहणाऱ्या ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाने त्यांना याची कधीच माफी दिली नाही. त्यांचा राग मला समजतो, कारण इथे मेंदेस फ्रान्स यांनी तारीख दिली पण आपली निवड सांगितली नाही. घरच्या आघाडीवर त्यांनी दारूला हात घातला. घरगुती भट्टी लावायचा पिढीजात परवाना आकसला, बिटापासूनचं अल्कोहोल सरकारने चढ्या भावाने विकत घ्यायचं धोरण छाटायला घेतलं, शाळांतून मुलांना दूध वाटायला सुरुवात केली. दर शनिवारी संध्याकाळी ते रेडिओवरून साध्या भाषेत आठवड्याचा हिशेब देत. पक्षनेत्यांना याचा सर्वाधिक राग आला. सभागृहाला डावलून हा माणूस परस्पर लोकांशी बोलतो, अशी त्यांची तक्रार. तक्रारीत तथ्य एवढंच की लोकांना किंमत कळली की पक्षांना ती लपवणं अवघड होत होतं. दुधाच्या पेल्यावरून त्यांची टर उडवण्यात आली, आणि त्या टवाळीच्या तळाशी किती तरी वेळा ज्यूद्वेष होता. त्यांच्या रक्तात फ्रेंच दारू नाही, असं बोलणारे सभांतून टाळ्या घेत होते.

आता अल्जीरिया. ज्या १ नोव्हेंबरला पुदुच्चेरीत तिरंगा चढला, त्याच पहाटे अल्जीरियात ठिकठिकाणी बॉम्ब फुटले आणि उठाव सुरू झाला. १२ नोव्हेंबरला मेंदेस फ्रान्स यांनी सभागृहात सांगितलं की अल्जीरियातले जिल्हे फ्रान्सचा भाग आहेत, तिथे फुटीरपणाशी तडजोड नाही. गृहमंत्री फ्रांस्वा मितेराँ यांचीही भाषा हीच होती. पलटणी रवाना झाल्या. इंडोचायनाबद्दल तिसरा मार्ग नाही म्हणून ठणकावणारा माणूस इथे स्वतः तिसरा मार्ग शोधत होता, थोडं सैन्य, थोड्या सुधारणा. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्या घडीला दुसरं काही बोलते तर संध्याकाळपर्यंतही टिकले नसते. दहा लाखांच्या आसपास युरोपीय वस्ती, सभागृहात त्यांचे प्रतिनिधी, आणि तिथला हिशेब अजून कोणालाच उमगलेला नव्हता. हे मान्य केलं तरी एक गोष्ट उरतेच. ते तसेही टिकले नाहीत. जानेवारीत त्यांनी अल्जीरियाचे पोलीस फ्रान्सच्या पोलिसांत विलीन करून छळाला आळा घालायचा बेत केला आणि जाक सुस्तेल यांना गव्हर्नर जनरल नेमलं. तेवढ्यानेच तिथले वसाहतवाले खवळले. किंमत न सांगता उचललेल्या या पावलाची किंमत पुरेपूर वसूल झाली.

घाव घरच्याने घातला. रने मेयर, मेंदेस फ्रान्स यांच्याच रॅडिकल पक्षाचे, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिनचे प्रतिनिधी. पक्षाच्या बाकावरून उठून, तुमचं धोरण कुठे नेतंय ते मला कळत नाही, या अर्थाचं बोलून त्यांनी पाठिंबा काढला. ५ फेब्रुवारी १९५५ च्या पहाटे ३१९ विरुद्ध २७३ मतांनी सरकार पडलं. योगायोगाने आकडा पुन्हा ३१९. निकालानंतर पडलेल्या पंतप्रधानाने बोलायचं नसतं, हा तिथला शिरस्ता. मेंदेस फ्रान्स व्यासपीठावर चढले आणि या महिन्यांत झालेलं काम पुसता येणार नाही, असं सांगू लागले. सभागृह बाकं बडवत राहिलं, आरडाओरड्यात शब्द बुडाले.

पुढची कारकीर्द भराभर उतरत गेली. १९५६ मध्ये त्यांच्या आघाडीने निवडणूक जिंकली, पण सरकार बनवायला बोलावणं गेलं ते समाजवादी गी मोले यांना. अल्जीरियात दडपशाही वाढत गेली तसे मेंदेस फ्रान्स मे महिन्यात मंत्रिमंडळातून बाहेर पडले. उशिरा का होईना, इंडोचायनाला लावलेला हिशेब त्यांनी आता अल्जीरियाला लावला होता, फक्त हातात सत्ता नव्हती. १ जून १९५८ रोजी लष्करी बंडाच्या छायेत द गॉल सत्तेवर आले तेव्हा त्यांनी विरोधी मत दिलं, आणि त्या हिवाळ्याआधीच मतदारांनी त्यांना घरी बसवलं. ज्या सुस्तेलना त्यांनी सुधारणांसाठी अल्जिअर्सला धाडलं होतं, ते फ्रेंच अल्जीरियाचे कडवे पुरस्कर्ते झाले. २१ मे १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष होताना मितेराँ यांनी म्हाताऱ्या मेंदेस फ्रान्सना मिठी मारली, तेव्हा मेंदेस फ्रान्स यांचे डोळे भरून आले. १८ ऑक्टोबर १९८२ रोजी पॅरिसमध्ये घरी लिहायच्या टेबलाशीच त्यांचं निधन झालं.

पुदुच्चेरीचा कागद मात्र मध्ये बरीच वर्षं अडकून पडला. हस्तांतराच्या तहावर १९५६ च्या मे महिन्यात सह्या झाल्या, पण एक भूभाग सोडला की अल्जीरियाचंही तसंच होईल, या धास्तीने फ्रेंच संसदेने तो मंजूर केला नाही. १९६२ च्या जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, मग तहाला मंजुरी मिळाली आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो अमलात आला. तिथे जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक आपोआप भारतीय होणार होते, ज्यांना फ्रेंच राहायचं होतं त्यांनी तसं लेखी कळवायचं होतं. त्यासाठी त्यांना मुदत होती सहा महिन्यांची.